पाण्याखालून गेलेला नंदी

नोकरीत नोंदवलेले बहुतेक गुन्हे आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत, पण पाण्याखालून चोरीला गेलेल्या एका नंदीचा तपास मनातून अजून जागचा हललेला नाही. मी तेव्हा सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. भीमेवरच्या धरणात पाणी अडवायला सुरुवात होऊन दोनच वर्षं झाली होती आणि नदीकाठची गावं उठून माळावर येऊन बसली होती.

त्यातल्याच एका गावाचं काळ्या दगडाचं जुनं महादेवाचं देऊळ पाण्यात गेलं होतं. पिंड गावकऱ्यांनी विधी करून वर आणली आणि नव्या गावठाणात पत्र्याच्या शेडमध्ये बसवली. नंदी मात्र मागे राहिला. बसलेल्या वासराएवढा तो अखंड दगड, गळ्यात कोरलेली घुंगरमाळ. नवं देऊळ बांधून झालं की नेऊ, असं म्हणत गाव थांबलं आणि तोवर पाणी चढलं.

श्रावणातल्या पहिल्याच सोमवारी त्या देवळाचा गुरव ठाण्यात आला. साठीचा माणूस, अंगावर ओलं धोतर, पाय चिखलाने भरलेले.

"साहेब, नंदी न्हाय," तो म्हणाला.

"कुठला नंदी?"

"पाण्यातला."

आमच्या हवालदारांना हसू आवरेना. पाण्यातली वस्तू आहे की नाही हे यांना कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. गुरवाने शांतपणे सांगितलं. नंदीच्या शिंगांमधून पिंडीचं दर्शन घ्यायची आपली रीत. पिंड वर आली, नंदी खाली राहिला. म्हणून श्रावणात दर सोमवारी तो भोयाच्या होडीतून जुन्या देवळापाशी जायचा, बुडी मारायचा, शिंगांमध्ये हात ठेवायचा आणि मगच वर येऊन पिंडीची पूजा करायचा.

"पाण्यात डोळ्यानं दिसत न्हाय की साहेब. म्हून हातानं बघतो. आज हात नुसता चौथऱ्याला लागला."

हवालदारांचं हसू थांबलं. मी फिर्याद लिहून घेतली आणि स्टेशन डायरीत नोंद केली.

दुपारी सरपंच चार माणसं घेऊन हजर झाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. नंदी कुठे आहे, किती खोल आहे, हे गुरवाइतकं कुणाला ठाऊक नाही. पाण्यात उतरतो तोच. तेव्हा विकला असेल तर त्यानेच.

"पोळ्याला गावची बैठक हाय," सरपंच म्हणाले. "बैलांस्नी कुंकू लावायचा मान आन् देवाची पूजा, दोन्ही त्याच्या घरातनं काढून घ्यायचं ठरलंय. तुमी तुमचा तपास करा, आमी आमचं बघतो."

गुरव बाकावर बसून हे सगळं ऐकत होता. त्याच्या बापाने, आज्याने ती पूजा केलेली. जमीन पाण्यात गेली, घर गेलं, राहिलं होतं ते एवढंच. तो नुसता धोतराचं टोक पिळत राहिला. मला त्या माणसाची कणव आली हे खरं, पण कणव आली म्हणून चौकशी ढिली ठेवायची नसते. त्याला मी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि उलटसुलट विचारलं. उत्तर दर वेळी तेच आलं, शब्द मात्र दर वेळी वेगळे होते. पाठ करून आलेला माणूस शब्दसुद्धा बदलत नाही. गुरव निर्दोष आहे याची माझ्यापुरती खात्री पटली. आता गावाची पटवायची होती आणि त्याला पोळ्यापर्यंतच मुदत होती.

पहिला धागा दिला तो होडीवाल्या भोयाने. गुरवाला नेहमी नेणारा तोच. जबाब द्यायला आला तेव्हा सुरुवातीला नुसता मान हलवत होता. मग चहा पोटात गेल्यावर म्हणाला, "साहेब, औंदा पयल्या पाण्याला, पहाटच्या अंधारात एक बघितलं हुतं. चार ड्रम एकाला एक बांधल्यालं, जुन्या देवळाकडनं काठाकडं चाललं हुतं. निम्मं बुडाल्यालं. मला वाटलं, कुणाचा तरी पंप सुटला."

धरणाच्या काठाने तेव्हा शेतकऱ्यांनी पंप बसवले होते. पाणी वर-खाली होतं, म्हणून पंप रिकाम्या ड्रमांच्या तराफ्यावर तरंगता ठेवतात. पण रिकामे ड्रम निम्मे बुडत नाहीत. त्यांच्याखाली काहीतरी जड लटकत होतं. मी टेबलावर काड्यापेटी आणि दोरा घेऊन हवालदारांना समजावून सांगितलं. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना कुणीतरी नंदीला चारी बाजूंनी ड्रम बांधून ठेवले होते. पावसाळ्यात पाणी चढलं तसे ड्रम उचलले गेले आणि त्यांच्याबरोबर नंदीही. मग होडीने ओढत काठाला नेला की झालं. चोराने धरणालाच मजुरीला लावलं होतं.

"डोकं हाय भाद्दराला," हवालदार म्हणाले. आणि ते खरंच होतं.

असं डोकं कुणाचं चालेल, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. काठावरचे बहुतेक पंप बसवणारा मिस्त्री त्याच गावचा होता. त्याच्याकडे ड्रम होते, जड वस्तू उचलायचं तीन पायांचं लोखंडी तिकाटणं होतं, चेनपुली होती. मी त्याला ठाण्यात बोलावलं. तो हसतमुखाने आला, बसा म्हणायच्या आधी बसला आणि मी विचारायच्या आधी उत्तरं देऊ लागला. ठाण्यात आलेला निरपराध माणूस सहसा घाबरलेला असतो. हा घाबरला नव्हता, हेच मला खटकलं. शेडची झडती घेतली, घरातही फिरून पाहिलं. पंप, पाइप, ड्रम, सगळं जागच्या जागी. नंदीचा पत्ता नव्हता. त्याने आम्हाला चहासुद्धा पाजला.

तरीही नंदी गावाबाहेर गेलेला नाही, असं माझं ठाम मत होतं. त्या साली पाऊस धरून बसला होता. काळ्या रानातले रस्ते असे बसले होते की आमची जीपही दोनदा गावकऱ्यांनी ढकलून काढली. एवढं वजन न्यायला ट्रक लागणार, आणि ट्रक गावापर्यंत येऊच शकत नव्हता. उघडीप पडली की मात्र माल हलणार. मी गावाच्या वाटेवर एक शिपाई बसवला आणि आभाळाकडे बघत राहिलो.

पोळ्याच्या दिवशी मी स्वतः त्या गावात बंदोबस्ताला गेलो. पोळ्याला कुणाचा बैल आधी यावरून डोकी फुटतात, त्यात हे नवं गावठाण. जुन्या गावाला वेस होती, नव्याला नव्हतीच. दोन बाभळींना आंब्याचं तोरण बांधून वेस केली होती. बैल सजवून बाहेर निघायच्या बेतात होते. गुरव घराच्या ओट्यावर नुसता बसून होता. त्याला यायचं नाही असा निरोप आदल्या दिवशीच गेला होता.

मी आणि हवालदार गल्लीतून चक्कर मारत निघालो. मिस्त्रीच्या घराशी आलो. तो मिरवणूक बघायला गेला होता, घरात त्याची बायको एकटीच. बाजूला रिकामा गोठा आणि गोठ्यात कडब्याची गंज. माझी पावलं तिथेच थांबली. गंजीच्या पायाशी पळसाच्या पानावर पुरणपोळी ठेवलेली, वर तुपाची धार. पुढच्या पेंडीला हळदकुंकू लावलेलं.

बाई दारात आली.

"बाई, तुमच्यात बैल किती?" मी विचारलं.

"इकलं की साहेब. रान पाण्यात गेलं तवाच."

"म्हैस, शेळी?"

"काय सुदीक न्हाय."

"मग हा कडबा कुणासाठी?"

ती पदर सारखा करत राहिली. गल्लीच्या टोकाला हलग्या वाजायला लागल्या होत्या.

"आणि हा नैवेद्य?"

तिने एकदा गंजीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खाली बसली आणि डोळ्यांना पदर लावला. "सण हाय साहेब," ती म्हणाली. "साऱ्या गावच्या बैलांस्नी पोळी मिळती. त्येला एकट्याला उपाशी कसं ठिवू?"

मी दोन पंच बोलावले आणि पेंड्या काढायला लावल्या. आधी शिंगं दिसली. शिंगांना ताजा हिंगूळ लावलेला होता, वर बेगडाचे दोन तुकडेही चिकटवले होते. नवरा घराबाहेर पडल्यावर बाईने पेंड्या बाजूला करून, आपल्या बैलाची करावी तशी त्याची सजावट केली होती आणि पेंड्या पुन्हा होत्या तशा लावल्या होत्या. चोराने पाणी, ड्रम, दोर, वाट, सगळ्याचा हिशेब केला होता. आपल्याच घरातल्या पोळ्याचा विचार तेवढा राहून गेला होता.

बातमी गल्लीभर व्हायला वेळ लागला नाही. बैल तोरणाखाली थांबले आणि माणसं गोठ्यापाशी जमली. मी ओळख पटवायला गुरवाला बोलावलं. त्याने नंदीकडे नीट पाहिलंही नाही. डोळे मिटले, शिंगांच्या मध्ये हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"ह्योच," तो म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

पंचनामा पुरा झाला. सरपंचांनी कुंकवाचं ताट मागवलं आणि गुरवाच्या हातात दिलं. त्या पोळ्याला गावच्या प्रत्येक बैलाला त्यानेच कुंकू लावलं.

मिस्त्रीला अटक झाली, पण तोंड उघडेना. "माज्या गोठ्यात कुणी आणून टाकला ते मला काय म्हाईत?" एवढंच एक वाक्य. माल कुणासाठी काढला, हे कळल्याशिवाय तपास अर्धाच राहणार होता. काठीचा मला कधी भरवसा वाटला नाही. काठीने माणूस बोलतो, पण खरंच बोलतो असं नाही.

इथे मदत झाली ती ठाण्याच्या इमारतीची. मुद्देमालाच्या खोलीचं दार अरुंद, नंदी काही आत जाईना. हवालदारांनी आठ माणसं लावून तो व्हरांड्यात ठेवला. जागा होती ती लॉकअपसमोरच, आणि तोंड आलं ते बरोबर गजांकडे. शिपाई येता-जाता पायताण काढू लागले. कुणीतरी रोज जास्वंद वाहू लागलं. मिस्त्रीची मात्र पंचाईत झाली. तोंड करून बसावं तर समोर नंदी, पाठ करून बसावं तर देवाला पाठ. बिचारा दिवसभर भिंतीला खांदा लावून तिरका बसायचा. जेवणाची थाळी तशीच परत जाऊ लागली.

शेवटी त्याने मला हाक मारली. "साहेब, त्येचं तोंड जरा तिकडं फिरवा. समदं सांगतो."

"आधी सांग, मग फिरवतो."

"न्हाय साहेब. त्याच्याम्होरं न्हाय सांगता यायचं."

पुन्हा आठ माणसं आली, कुरकुरली आणि नंदीचं तोंड अंगणाकडे झालं. मग मिस्त्री बोलायला लागला तो थांबेचना. सोलापुरातल्या एका व्यापाऱ्याचं नाव त्याने दिलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचं गोदाम होतं. शहरातल्या पोलिसांना घेऊन आम्ही तिथे छापा घातला. वर चादरी, खाली टॉवेल आणि मध्ये गुंडाळलेले दगड. वीरगळ, द्वारपालाचं मस्तक, गजलक्ष्मीची पट्टी. सगळे पाण्यात गेलेल्या गावांतले, एकेकावर अजून शेवाळ होतं. दोघांनाही शिक्षा झाली. बाईला मी आरोपी केलं नाही, साक्षीदार केलं, आणि तिने कोर्टात खरं तेच सांगितलं.

पुढे पुरातत्त्वाचे एक अधिकारी पाहणीला आले. त्यांनी एक गोष्ट नीट समजावली. दगड कायम पाण्यात राहिला तर टिकतो, कायम कोरडा राहिला तरी टिकतो. दर साली भिजणं आणि वाळणं मात्र त्याला खातं. त्यांच्या सांगण्यावरून उन्हाळ्यात उघडी पडणारी शिल्पं वर काढून ठेवली आणि खोलातली तशीच राहू दिली. मी माझ्या परीने भोयांना एकत्र बसवलं. देवळावर अनोळखी होडी दिसली की ठाण्यात कळवायचं, असं ठरवलं. तराफ्याच्या ड्रमांवर मालकांना नावं रंगवायला लावली. माझ्या बदलीपर्यंत त्या पाण्यातून आणखी एक दगड गेला नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

पाण्याखाली शिपाई उभा करता येत नाही. कुलूपही लावता येत नाही. या तपासाने मला शिकवलं ते एवढंच, की अशा वस्तूची राखण शेवटी तिच्याशी ज्याचं नातं उरलं आहे तोच करतो. दर सोमवारी हाताने बघणारा एक माणूस होता, म्हणून चोरी झाल्याचं कळलं. सणाला उपाशी ठेवायचं नाही म्हणणारी एक बाई होती, म्हणून माल सापडला. मधला कायदा मी नीट चालवला, त्याचं श्रेय मी सोडणार नाही.

कोर्टाचा हुकूम झाल्यावर नंदी नव्या देवळात पिंडीसमोर बसला. गुरवाने मला मुद्दाम बोलावलं होतं. पूजा आटोपली आणि नैवेद्याची वेळ आली. पहिला मान कुणाचा, यावरून सरपंच आणि पाटील एकमेकांकडे बघू लागले. मिस्त्रीची बायको लांब, चपलांच्या ढिगापाशी उभी होती. तिला कुणी बोलावलेलं नव्हतं आणि जवळ कुणी येऊही देत नव्हतं.

गुरवाने ताट उचललं आणि गर्दीवरून तिला हाक मारली.

"पोरी, म्होरं ये," तो म्हणाला. "पोळ्याला ह्याला तू जेवू घातलंस. आज दुसऱ्याच्या हातचं तो कसा खाईल?"