कशेळीतला जनरेटर

आमच्या भिवंडीत सायबर कॅफे चालवणारा तो माणूस नॉर्वेच्या एका बँडचा भक्त होता. त्या बँडमध्ये गाणारं कुणी नव्हतं, नुसती गिटार आणि ड्रम. त्यांचा दौरा निघाला की तो भिंतीवरच्या नकाशात गावोगावी टाचण्या टोचत बसायचा.

"आपल्याकडं का नाही येत ते?" मी एकदा विचारलं.

"कोनी बोलावलं न्हाय म्हनून," तो म्हणाला आणि माझ्यासमोरच त्याने त्यांना मेल पाठवली. जवळच्या कशेळीतलं घरचं रिकामं गोदाम कार्यक्रमाला देतो, असं कळवलं.

मला हसू आलं. पण पंधरवड्याने उत्तर आलं. यंदा जमणार नाही, पुढच्या दौऱ्यात बघू. तिथे वीज असते ना?

तेव्हा आमच्याकडे रोज लोडशेडिंग. मी म्हटलं, "असते म्हणून लिही, उगाच घाबरतील."

"खोटं कशाला?" त्याने लिहिलं, वीज जाते, पण सोय करतो.

पुढच्या रविवारी मी कशेळीला गेलो, तर गोदामाच्या दारात टेम्पोतून भलामोठा जनरेटर उतरत होता.

"अरे, येतो कुठे म्हणालेत ते?"

"न्हाय तरी कुठं बोलले?" असं म्हणून तो हमालांबरोबर जनरेटरला खांदा लावायला गेला.