सहाव्या पलटणीचा रंग

माझ्या थोरल्या भावाने आयुष्यभर दुसऱ्यांचे दात बनवले. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि दादा मेण, प्लास्टर आणि बारीक कानशी घेऊन कवळ्या करत बसायचा. आमच्या वस्तीतली निम्मी म्हातारी माणसं त्याने घासलेल्या दातांनी जेवतात आणि त्याच दातांनी एकमेकांची उणीदुणी काढतात. पण दादाला विचाराल तर तो सगळा पोटापाण्याचा उद्योग. खरं काम घरी, मागच्या खोलीत. तिथे तो सैन्य रंगवायचा.

सैन्य म्हणजे करंगळीच्या पेराएवढे धातूचे शिपाई. पोस्टाने पाकिटातून राखाडी रंगाचे यायचे. दादा एकेकाला बाटलीच्या बुचावर चिकटवायचा आणि भिंगाच्या दिव्याखाली धरून रंगवायचा. आधी अंगरखा, मग पट्टे, मग बटणं. सगळ्यात शेवटी डोळे, चार केसांच्या ब्रशाने दोन ठिपके. त्या वेळी तो श्वास रोखायचा आणि मीही दारात उभी असले तर रोखायचे. रंग वाळला की चार-चार शिपाई एका चौकोनी पट्टीवर उभे करायचे आणि पायाखाली जमीन तयार करायची. दातांचं प्लास्टर, चाळलेली वाळू, वाळवलेला चहाचा चोथा. या घरात चहाचा चोथा टाकून द्यायची सोय नव्हती. मी कितीदा म्हटलं, "दादा, माणसं चहा पिण्यासाठी करतात." तो म्हणायचा, "पितोच की आपण. उरलेल्याची जमीन होते."

या सैन्याशी लढायला एक पोस्टमास्तर होते. निवृत्त, विधुर, तोंडाळ, आणि दादाचे एकुलते एक मित्र. दोघांनी मिळून एक नदी कल्पिली होती आणि नदीच्या दोन्ही काठांना एकेक राज्य दिलं होतं. अलीकडचे निळे, ते दादाचे. पलीकडचे गर्द हिरवे, ते पोस्टमास्तरांचे. दर रविवारी जुन्या दरवाजाची फळी दोन लाकडी घोड्यांवर टाकून, वर घोंगडी पसरून, फासे आणि मोजपट्टी घेऊन दोघं छोट्यामोठ्या चकमकी करायचे. वस्तीत दादाला सगळे सेनापती म्हणत. तो नुसता मान हलवायचा, पण त्याला ते आवडायचं हे मला ठाऊक होतं.

त्यांचे नियम अगदी कडक. न रंगवलेला शिपाई टेबलावर उतरणार नाही, हा पहिला. अंगरखा ज्याचा शिपाई त्याचा, म्हणजे रंगावरून मालक ठरणार, हा दुसरा. एकदा पोस्टमास्तरांच्या एका तोफचीची बाही रंगवायची राहून गेली होती, तर दादाने तो अख्खा तोफखाना परत डब्यात घालायला लावला. मोठी माणसं आहेत की पोरं, असं मला वाटायचं. आता वाटतं, बरं झालं, त्यांच्याकडे काहीतरी कडक होतं.

मोठी लढाई अकरा वर्षं लांबत आली होती. दोन्हीकडे सहा-सहा पलटणी झाल्या की नदीवरच्या पुलाची लढाई करायची, असं ठरलेलं. पोस्टमास्तरांच्या सहा कधीच्या तयार होत्या. दादाच्या पाच. आणि मग पोस्टमास्तरांच्या मुलीने त्यांना आपल्याकडे, दूरच्या गावी, कायमचं बोलावून घेतलं. जाण्याआधीचा शेवटचा रविवार लढाईला ठरला. तोवर सहावी पलटण, म्हणजे चोवीस शिपाई, रंगवून व्हायलाच हवी होती. नाहीतर अकरा वर्षं पाण्यात.

दादा सकाळी उजेड झाला की बसायचा. पूर्वीपेक्षा जास्त वाकायचा आणि मान तिरकी करून शिपायाकडे कडेने बघायचा. मी विचारलं तर म्हणाला, "चष्म्याचा नंबर वाढलाय." मी विश्वास ठेवला. ठेवायला सोपं होतं म्हणून ठेवला.

माझी सगळी नोकरी एका शाळेच्या ऑफिसात फाइली लावण्यात गेली. मला पसारा बघवत नाही. दादाच्या रंगाच्या बाटल्या कवळ्यांचे साचे ठेवायच्या एका जुन्या फळीवर असायच्या. फळीला भोकं, प्रत्येक भोकात एक बाटली, आणि तिच्यावर धुळीचा थर. सहाव्या पलटणीला रंग लागायच्या आधीच, तो कवळ्यांचं काम थांबवून सामान परत करायला गेला होता, त्या दिवशी मी फळी घासून काढली. बाटल्या पुसल्या आणि गडदपासून फिक्यापर्यंत ओळीने लावल्या. इतकं छान दिसत होतं की मी पदराला हात पुसत दोन मिनिटं बघत राहिले. दादा आला, त्याने फळीवरून हात फिरवला, म्हणाला, "पुसलीस वाटतं." मी म्हटलं, "तुला दिसलं तरी."

शुक्रवारी दुपारी त्याने सहावी पलटण संपवली. ताटावर सहा पट्ट्या, वर फडकं. तो आडवा झाला तेव्हा मी कौतुकाने फडकं उचललं. चोवीस शिपाई, पायाखाली सुंदर ओली वाटणारी जमीन, आणि प्रत्येकाच्या अंगात गर्द हिरवा अंगरखा. शत्रूचा.

आधी मला वाटलं, काही गंमत असेल. मग मी एक पट्टी खिडकीत नेली. डोळे पाहिले. एकाचे गालावर होते, एकाचे टोपीच्या कडेवर. एकाचा एक ठिपका हनुवटीवर पडला होता. मी फळीकडे गेले. डावीकडून तिसरी बाटली हिरवी, झाडाझुडपांसाठी आणलेली. पूर्वी त्या भोकात निळी असायची, ते मला आठवलं.

त्याच्या खणात डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद सापडला. तीन वर्षांपूर्वीचा. मधली नजर जात राहणार, कडेचं थोडं दिसेल पण रंग ओळखू येणार नाहीत, उपाय नाही. तीन वर्षं हा माणूस बाटल्यांच्या जागा पाठ करून रंगवत होता, आणि मी त्याची पाठ केलेली जागा फडक्याने पुसून काढली होती. मला माझ्या हातांची किळस आली.

अंगरखे पुन्हा निळे करावेत म्हणून ब्रश उचलला, पण त्याने काढलेले पट्टे, बटणं बिघडतील म्हणून टेकवायच्या आधीच ठेवून दिला. मग चपला घालून पोस्टमास्तरांकडे गेले. त्यांच्या घरात अर्धं सामान बांधलेलं. ते खोक्यावर बसले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ताई, मी काही बोलणार नाही," ते म्हणाले. "हिरवे असले तरी निळेच समजेन. एवढं जमेल मला."

रविवारी सकाळी लढाई लागली. दादाने दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. त्याने फडकं उचललं आणि म्हणाला, "ही आमची सहावी." पोस्टमास्तर वाकून म्हणाले, "वा, सेनापती. पट्टे काय सुरेख आलेत." मी चहा टाकायला आत पळाले.

दादाने सहावी पलटण टेकडीच्या मागे लपवून ठेवली. शेवटचा घाव तिने घालायचा, असा त्याचा बेत. पोस्टमास्तर प्रत्येक चाल मोठ्याने सांगत होते, फासे वाचून दाखवत होते. दादा टेबलाकडे फारसा बघतच नव्हता. त्याच्या डोक्यात सगळं मांडलेलं होतं. दुपारपर्यंत निळे पुलावर पोचले आणि दादा हसला. मीही मूर्खासारखी सुखावले. वाटलं, निभावलं.

पण खेळ रंगला आणि पोस्टमास्तर विसरले. त्यांचा मध्य मोडत होता. ते उठून उभे राहिले, "आमची डावी बाजू पुढे" असं म्हणत त्यांनी भराभर पट्ट्या सरकवल्या. अकरा वर्षं त्यांच्या डोळ्याला एकच सवय, हिरवा दिसला की आपला. टेकडीमागच्या सहा पट्ट्याही त्यांनी उचलल्या आणि निळ्यांवर चालवल्या.

दादाने टेकडीमागे हात नेला. घोंगडी रिकामी होती. त्याने बोटांनी इकडेतिकडे चाचपलं.

"माझी सहावी कुठे गेली?"

पोस्टमास्तरांच्या हातात अजून एक पट्टी होती. "चुकून उचलली, सेनापती. ठेवतो परत."

"चुकून कशी? तुम्ही माझ्या शिपायाला कधी बोट लावलेलं नाही." दादा थांबला. मग माझ्या दिशेने तोंड करून म्हणाला, "छोटे, कुठला रंग आहे?"

खोटं बोलायला हवं होतं. पण त्याचा चेहरा असा होता की जमलं नाही. "हिरवा," मी म्हटलं. "बाटल्या मी बदलल्या, दादा. ओळीने लावल्या."

"वाटलं होतं मला," तो म्हणाला. "तिसऱ्या बाटलीचं बूच जरा घट्ट लागलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुला कळलं असतं."

पोस्टमास्तर पट्ट्या परत टेकडीमागे ठेवू लागले, तर दादाने पट्ट्यांचा आवाज ओळखून हात आडवा घातला.

"नियम काय आहे आपला?"

"राहू द्या हो नियम."

"काय आहे?"

"अंगरखा ज्याचा शिपाई त्याचा," पोस्टमास्तर कसेबसे म्हणाले.

"मग ती तुमची आहे. खेळा. आणि मुद्दाम वाईट खेळू नका, मला कळेल."

चार वाजेपर्यंत दादाची पलटणीमागून पलटण टेबलावरून उठली. पूल गेला. त्याच्या चौथ्या पलटणीला कडेने गाठून मोडलं ते सहावीनेच. जाताना पोस्टमास्तर ती पलटण ठेवून जायला लागले, दादाने ऐकलं नाही. बुटाच्या खोक्यात कापूस घालून त्यानेच ती भरून दिली. पोस्टमास्तर दारात रडले. दादा त्यांची पाठ थोपटत म्हणाला, "जपून न्या. मान नाजूक असते त्यांची." बुधवारी ते गेले.

गुरुवारी मी बाटल्या पूर्वीच्या जागी लावल्या, आठवून आठवून. दादाला हात धरून टेबलाशी नेलं आणि तिसरी बाटली त्याच्या हातात दिली.

"निळा?" त्याने विचारलं.

"निळा."

"नक्की?"

"नक्की, दादा."

त्याने बाटली हातात फिरवली, बूच चाचपलं आणि ती परत माझ्या हातात दिली. "नको. आता दर वेळी विचारावं लागेल." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने म्हणाला, "रंग गेला तो गेला. डोळे तरी नीट आले होते ना?"

मला ते गाल दिसले, ती हनुवटी दिसली. "अगदी नीट," मी म्हटलं. "बघणारा बघत राहील असे."

"मग झालं," तो म्हणाला. त्याने कोरडाच ब्रश पाण्यात बुडवून धुतला, सवयीने ओठांनी टोक केलं, टोपण लावलं आणि खणात ठेवून दिला. चहाचा चोथा मी अजून वाळत घालते. तो विचारत नाही कशासाठी.