याकोबाचे डबे

हजारो वर्षांपूर्वी वारलेल्या माणसांवर रोज सकाळी दात घासता घासता रागावणारा माणूस जबलपूर शहरात एकच होता, आणि माझं भाग्य असं की तो माझा घरमालक होता. मी पांढुर्ण्याहून आलो होतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिलाच, केंद्र सरकारच्या कचेरीत नवा लागलेला, अंगावर एकच बरा शर्ट आणि बोलायला संकोची. विजय नगरात त्यांच्या घराच्या गच्चीवरची खोली मला मिळाली. अनामत वगैरे त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "भाऊ किती? थोरला तू का दुसरा?" मी दुसरा आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं आणि चावी दिली. पहिले काही आठवडे मला हे कुटुंब फार मोठं वाटत होतं. घरमालक काका खाली अंगणात दाढी करताना काकूंना मोठ्याने सांगत असत, "त्या लाबान मामाने पोराला सात वर्षं राबवलं आणि लग्नाच्या दिवशी भलतीच पोरगी गळ्यात मारली. मामा आहे का कसाई?" मला वाटायचं, बिचाऱ्यांच्या नात्यात काय एकेक माणसं आहेत. हे मामा रेल्वेत असून कटनीला राहत असावेत, असंही मी मनाशी ठरवून टाकलं होतं. एकदा कचेरीच्या कामाने कटनीला जायचं निघालं, तेव्हा मी अदबीने विचारलं, "काका, लाबान मामांना काही निरोप द्यायचा आहे का?" काका गंभीरपणे म्हणाले, "नको. त्याच्या दारात पाय ठेवू नको. तुझं लग्न व्हायचं आहे." आत स्वयंपाकघरात काकूंच्या हातातलं भांडं हसता हसता खाली पडलं, आणि त्या दिवशी मला समजलं की लाबान, याकोब, राहेल, लेआ ही सगळी मंडळी ख्रिस्ती लोकांच्या पवित्र शास्त्रातल्या जुन्या करारातली आहेत.

काका मराठी ख्रिस्ती. त्यांचे वडील नागपूरकडून इथल्या संरक्षण कारखान्यात आले, त्यांच्यानंतर काका त्याच कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. नव्या करारावर त्यांची श्रद्धा होती, पण जीव होता तो जुन्यावर. त्यातल्या युद्धांत आणि राजांत त्यांना रस नव्हता. त्यांना घरं हवी असत. कोणाच्या सासूने काय केलं, कोणत्या बापाने कोणता मुलगा लाडका धरला, कोणत्या जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. शेजारच्या शर्माजींनी धाकट्या मुलाला महागडं जॅकेट आणलं आणि मोठ्याला काहीच नाही, तेव्हा काका लुंगीवरच त्यांच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. "भाईसाहब, एक बाप था, उसने भी एक ही लडके को रंगीन कोट दिया था. बाकी भाइयों ने उसको कुएँ में डाल दिया." शर्माजी घाबरून त्याच संध्याकाळी दुसरं जॅकेट घेऊन आले. भेडाघाटला एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. सगळे लोक धुवांधार धबधब्यापुढे उभे राहून फोटो काढत होते आणि काका कठड्याला रेलून हळहळत होते, "इसहाक बिचारा जन्मभर विहिरी खणत राहिला. खणली की शेजारी भांडायला हजर. आणि इथं बघ, पाणी कसं वाया चाललं आहे."

मी त्यांना एकदा भीत भीत विचारलं होतं की, देवाने निवडलेलं घराणं म्हणता, तर मग त्यांच्यात इतकी फसवाफसवी कशी? आमच्या घरी मारुतीची तसबीर, आणि मारुतीने कधी कोणाला फसवल्याचं मी ऐकलं नव्हतं. काका खूश झाले. "तेच तर सांगून राहिलो मी. चांगलं घर निवडायचं असतं तर देवाला काय कमी होती? त्याने एक भांडकुदळ घर पाहिलं आणि म्हणाला, चलो, इथंच राहतो. म्हणून मला वाटते, आपल्याकडे पण येत असेल." पुढे माझ्या हाताखालून बरीच पुस्तकं गेली, पण श्रद्धेविषयी इतकं धीर देणारं वाक्य मला पुन्हा सापडलं नाही.

या सगळ्या सैलपणात एका बाबतीत मात्र ते लोखंडासारखे होते. शास्त्रात जेवढं लिहिलं आहे तेवढंच सांगायचं. एक शब्द जास्त नाही. नाताळच्या आधी चर्चमधल्या तरुणांनी योसेफ, म्हणजे तोच रंगीत कोटवाला, आणि त्याच्या भावांचं नाटक बसवलं, आणि ओळख पटल्यावर योसेफ भावांना म्हणतो, "तुमची मला रोज आठवण येत होती." लोकांनी रुमाल काढले. काका तिसऱ्या रांगेतून उभे राहिले. "हे कुठं लिहिलं आहे?" योसेफ गडबडला. दिग्दर्शक पडद्यामागून म्हणाला, "अंकल, भावना आहेत." काका म्हणाले, "भावना ज्याच्या त्याने घरी ठेवायच्या. लिहिलं आहे तेवढं बोल." तो योसेफ बाकीचं सगळं नाटक खाली मान घालून बोलला.

तर अशा माणसाच्या बाबतीत एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. याकोबाची कथा ते कधीच पुरी करत नसत. एसाव थोरला, याकोब धाकटा. बापाची दृष्टी गेलेली. थोरला शिकारीला गेलेला असताना आई धाकट्याला पुढे करते आणि थोरल्याचा आशीर्वाद धाकटा घेऊन जातो. मग धाकटा परागंदा होतो, मामाकडे राबतो, बायकामुलं घेऊन परत निघतो, आणि भावाच्या भीतीने पुढे शेळ्या-मेंढ्यांचे कळप भेट म्हणून पाठवतो. एक कळप, मग थोडं अंतर, मग दुसरा कळप. वाटेतल्या नदीपर्यंत कथा आली की काका उठायचे. "तुळशीला पाणी घालायचं राहिलं." त्यांच्या अंगणात तुळस नव्हती. आमच्या कुटुंबात मोठा भाऊ शाळा सोडून शिलाईच्या दुकानात बसला म्हणूनच मी शिकू शकलो, त्यामुळे मला पुढे काय झालं ते ऐकायचं होतं. पण तुळस आडवी यायची.

नाताळात मात्र खरे कळप निघत, डब्यांचे. काकांचे सख्खे थोरले भाऊ अधारतालला राहत, मुख्य रस्त्यावर त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. विजय नगर ते अधारताल म्हणजे काही परदेश नव्हे. तरी काका स्वतः कधी जात नसत. पहिला डबा केकचा, तो दूधवाल्याच्या हाती. तो पोचल्याची खात्री झाली की दुसरा, करंज्यांचा. शेवटचा, अनारशांचा, माझ्या हाती. थोरले काका उंच, खांदे दारासारखे, बोलणं मोजकं. ते डबा घेत, आत जात, रिकामा करत, घासूनपुसून परत देत. "सांग, मिळाला." बस. डब्यात साखरेचा एक दाणासुद्धा नाही. आपल्याकडे शेजारणीची वाटीदेखील कोणी रिकामी परत करत नाही, आणि इथे सख्ख्या भावाचा डबा खणखण वाजत यायचा. काका झाकण उघडून आत पाहत, पुन्हा लावत आणि फडताळात ठेवून देत. काकूंचा मात्र संताप व्हायचा. "दरवर्षी हा अपमान मी काहून सहन करू? अनारसे काय सोपे असतात का?" काका म्हणायचे, "पुढच्या वर्षी जरा मोठा डबा काढ."

कारण शेवटी काकूंनीच सांगितलं. "तुम्हाला काय वाटते, हे त्या याकोबाचंच सांगून राहिले का? बाबू, सासऱ्यांचे डोळे गेले होते. कारखान्याने त्यांना घरी बसवलं आणि त्यांच्या जागी एका पोराला घेतो म्हणाले. हक्क मोठ्याचा. पण मोठे हॉकी खेळायला इटारसीला गेलेले. सासूबाईंनी यांना कपडे घातले आणि सासऱ्यांसोबत साहेबापुढे धाडलं. चौथ्या दिवशी मोठे कप जिंकून आले, तर यांच्या अंगावर कारखान्याची खाकी." थोरल्यांनी भांडण केलं नाही. कप टेबलावर ठेवला, पिशवी उचलली आणि अधारतालला खोली केली. बापाच्या मातीला दोघे भाऊ कबरीच्या दोन बाजूंना उभे होते, आणि तिथूनच दोन दिशांना गेले.

त्यानंतरच्या नाताळात मी अनारसे घेऊन गेलो, तेव्हा थोरल्या काकांनी डबा घ्यायला हात पुढे केला तो माझ्या कोपराला लागला. मग चाचपडून त्यांनी डबा धरला. त्यांची नजर जात चालली होती. जन्मभर वेल्डिंगच्या ठिणग्या पाहिल्या होत्या, आणि वडिलांचंही तेच दुखणं असावं. परत आल्यावर मी हे काकांना सांगितलं. त्यांनी झाकण उघडून रिकाम्या डब्यात पाहिलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लग्नातला कोट घालून, डोक्यावर हेल्मेट चढवून माझ्या स्कूटरजवळ उभे होते. हातात तोच डबा, पुन्हा भरलेला. "चल बाबू."

दुकानाशी पोचल्यावर त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि स्वतः माझ्या मागे उभे राहिले. हेल्मेट काढलं नाही.

"कोण, बाबू?" थोरले काका स्टुलावरून म्हणाले. "काल तर येऊन गेला. आणि मागे कोण आहे?"

थोरले काका उठले, मला बाजूला केलं आणि मागच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तिथेच राहिला.

"अजून तेवढाच आहे बे तू," ते म्हणाले. "उंची काही वाढली नाही."

"दादा," काकांचा आवाज हेल्मेटमधून विहिरीतून यावा तसा आला, "मी सांगायला आलो की..."

"आधी ते मडकं काढ डोक्यावरचं."

काकांनी ते काढलं. वाटेत पाठ करून आणलेलं सगळं भाषण त्यातच राहिलं असावं, कारण त्यांच्या तोंडून भलतंच निघालं. "डबे रिकामे काहून पाठवत होता?"

थोरले काका हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. "विचारायला येशील म्हणून! आपल्या घरात कोणी रिकामा डबा देते का? आई असती तर त्याच दिवशी लाटणं घेऊन आली असती. मला वाटलं पहिल्याच वर्षी येशील, शिव्या देत. भांडायला तरी येशील. आणि तू दुसऱ्या वर्षी अजून मोठा डबा पाठवला, गधा!"

मला वाटलं, आता गळाभेट होईल. पण काका तसेच उभे होते. भावाचा हात अजून त्यांच्या खांद्यावर होता आणि ते त्या हाताकडे बघत होते.

"बाबांनी पण असाच ठेवला होता," ते म्हणाले. "साहेबाकडे जाताना. आईने त्यांना सांगितलं होतं की तू आहे म्हणून. फाटकाशी त्यांनी खांदा धरला आणि थांबले. तुझा खांदा उंच. त्यांना कळलं, दादा."

"मग काय म्हणाले?"

"चल म्हणाले."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. थोरल्या काकांनी हात काढून घेतला आणि ते स्टुलावर बसले. इतकी वर्षं ते आईवर आणि भावावर रागावले होते. आंधळा बाप तेवढा त्यांच्या बाजूचा होता. तोही त्या सकाळी, एका वाक्यात, गेला. काकांना हे न सांगता गळाभेट मिळाली असती, हे तिथे उभ्या असलेल्या मलाही दिसत होतं. पण लिहिलं असेल तेवढं सगळं बोलायचं, ही त्यांची खोडच.

थोरल्या काकांनी माझ्या हातातला डबा चाचपडून घेतला आणि म्हणाले, "तुझ्या बायकोच्या करंज्या जळक्या असतात. दरवर्षी सांगायचं म्हणत होतो." मग आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "चहा टाका. धाकटा आला आहे."

त्या दिवशी डबा परत आला तो खव्याच्या जिलेबीने भरलेला. साखरेचं दुखणं असलेले काका सगळ्या जिलेब्या अंगणात बसून एकट्याने खात होते आणि काकू दारातून ओरडत होत्या. करंज्यांची टीका त्यांना सांगायची नाही, असं वाटेतच ठरलं होतं. रात्री जेवताना काकांनी मला कथा पुढे सांगितली. एसाव धावत आला आणि त्याने भावाला मिठी मारली. मग म्हणाला, माझ्या घरी चल. याकोब म्हणाला, तू पुढे हो, लेकरं लहान आहेत, मी मागून सावकाश येतो. "आणि वळला दुसरीकडे," काका कडवटपणे म्हणाले. "गेलाच नाही." मी विचारलं, नंतरही नाही? "लिहिलं नाही. म्हणजे नाही." स्वतः काका मात्र दर रविवारी चर्च सुटलं की अधारतालला जाऊ लागले. भावाला आता चष्म्यानेही दिसत नव्हतं, म्हणून हे त्याला शास्त्र वाचून दाखवायचे. दोघांनी मिळून बापाच्या कबरीला चुना लावला तेव्हा बादली धरायला मी होतो. कोणता कोपरा कोणी रंगवायचा यावरून त्यांचं मनसोक्त भांडण झालं.

पुढे माझी बदली झाली. काकांचा फोन नाताळला येतो आणि मी दिवाळीला करतो. यंदा थोरले काका गेल्याचं कळलं तेव्हा मध्येच केला. काका नेहमीसारखेच बोलले, माझ्या मोठ्या भावाची चौकशी केली, गावी कधी गेला होतास ते विचारलं. मग म्हणाले, "बाबू, ते मी परत वाचलं. याकोबाचं."

"काय काका?"

"तो गेला असेल रे भावाच्या घरी. नंतर कधीतरी, सावकाश. लिहायचं राहून गेलं असेल."

शास्त्रात एक शब्द जास्त चालू न देणारा हा माणूस. मी म्हटलं, "हो काका. राहूनच गेलं असेल."