एसी अठरावर

"वहिनी, एसी अठरावर ठेवा हो. झाड तहानलंय."

जुलैच्या भर दुपारी बेल वाजवून शेजाऱ्यानं असं सांगितलं, तर तुम्ही काय कराल? आमची ही त्यांच्या तोंडावर दार लावायची आणि मग पुटपुटत एसी अठरावर आणायची.

खलिफा सिटीतल्या एका व्हिलाची दोन घरं केलेली. वर आम्ही, खाली ते. मूळचे वसईचे कॅथलिक, अबुधाबीतल्या एका हॉटेलात बँक्वेट मॅनेजर. दर डिसेंबरला हॉटेलच्या लॉबीत दोन मजली प्लास्टिकचा ख्रिसमस ट्री उभा करून घ्यायचे आणि घरी येऊन त्याला शिव्या घालायचे.

"आमच्या वसईत नाताळला सुरूचं खरं झाड आणतात, हबीबी. काड्या पार जानेवारीपर्यंत सोफ्यातून निघतात!"

म्हणून त्यांनी अंगणात सुरू लावला. नर्सरीवाल्यानं तो पाइन म्हणून विकला होता. मी सांगायला गेलो की पाइनचा आणि याचा काडीचा संबंध नाही.

"तुम्ही पुण्याचे ना?" त्यांनी एवढंच विचारलं.

दोन्ही घरांच्या एसीचं पाणी त्यांनी नळ्या जोडून झाडाच्या मुळाशी आणलं. आम्ही जितके कुडकुडणार, तितकं त्याला पाणी. बाहेर सगळं भाजून निघत असताना आम्ही स्वेटर घालून वरण-भात जेवायचो. सुरू मात्र तरारला.

बेत असा, की नाताळला तो कापून घरात सजवायचा. पहिल्या वर्षी करवत घेऊन झाडाभोवती फिरले. "अजून पोर आहे. पुढच्या वर्षी, इन्शाल्ला." दुसऱ्या वर्षीही तेच. चौथ्या वर्षी म्हणाले, "आता घरात मावत नाही."

"डॅडा, यू आर नेव्हर गोइंग टु कट इट!" त्यांची मुलगी वैतागली. त्या नाताळलाही घरात हॉटेलनं टाकून दिलेलं प्लास्टिकच सजलं.

यंदा मे महिन्यात ते रिटायर झाले. व्हिसा खलास. घरमालकाला झाडाच्या जागी पार्किंग हवं होतं. यांनी त्याच्याकडे तीन वेळा जाऊन कहवा ढोसला, तेव्हा कुठे तो बधला. हिरवं आहे तोवर झाड राहील, वाळलं की काढणार.

निघायच्या दिवशी बॅगा बायकोनं भरल्या. हे नळ्या तपासत बसले होते. मग वर आले आणि करवत माझ्या हातात दिली.

"तुमच्याकडे राहू दे. पण कापू नका हं."

एवढा टवाळ माणूस, पण डोळे भरले होते. माझेही भरले, उगाच कशाला खोटं बोलू?

खालचं घर अजून रिकामंच आहे. तिथला एसी बंद, म्हणजे झाडाला पाणी आता फक्त आमच्या एसीचं. आणि जुलैत आम्ही महिनाभर पुण्याला निघालो.

एअरपोर्टच्या टॅक्सीत हिनं विचारलं, "एसी बंद केलात ना?"

"हो," मी म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

मागे आमच्या रिकाम्या घरात एसी अठरावर चालू होता.