थोरलीचा लिंब

दुसरेपणाची म्हणून मी त्या घरात गेले. झरीच्या बाजूचं गाव, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर मातीचंच सपाट माळवद. माझ्याआधीची बायको बाळंतपणात गेली होती. पोरगी तेवढी वाचली. माझ्या नवऱ्यानं पुढं कितीतरी वर्षं दुसरं लग्न केलं नाही. पोरीला आजीनंच वाढवलं. मी आले तेव्हा मी सोळा-सतराची आणि पोरगी आठेक वर्षांची. ती मला मावशी म्हणायची.

गेलेल्या बाईला घरात सगळे थोरली म्हणत. देवघरात तिचा चांदीचा टाक होता. मी रोज सकाळी त्याला हळदकुंकू लावायची, त्याचं मला काही वाटत नसे. वाटायचं ते अंगणातल्या झाडाचं. भिंतीला अगदी खेटून एक कडुलिंब होता आणि तो थोरलीनं लावलेला होता.

"भांडे घासलेलं पाणी घालून घालून जगवला तिनं," सासू सांगायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. "लहान होता तवा शेळीनं शेंडा खाल्ला. मी म्हणलं, उपटून टाक, आता काय येतोय तो. तर म्हणली, ऱ्हाऊ द्या आत्याबाई, जीव हाय त्याच्यात. मग त्याला दोन फुटवे फुटले."

ते दोन फुटवे वाढून दोन खोडं झाली होती. कमरेच्या थोडं वर बेचकं, तिथून एक खोड अंगणाकडं गेलेलं आणि दुसरं माळवदावर झुकलेलं. अंगणाकडच्या फांदीला पोरीचा झोका. माझा नवरा शेतातून आला की हातपाय धुऊन बुंध्याला पाठ लावून बसायचा. घरात यायच्या आधी तिथं बसायचा. मी दारातून पाण्याचा तांब्या घेऊन जायची, तो घ्यायचा, प्यायचा, आणि परत डोळे मिटायचा. सकाळी त्या झाडाचा पाला झाडता झाडता माझी कंबर मोडून जायची. झाडून झालं की मागं वळेपर्यंत दोन-चार पानं पडलेलीच. मी कुणाला काही बोलत नव्हते, पण ते झाड मला नको होतं, हे मला ठाऊक होतं.

पहिल्याच चैत्रात एकदा संध्याकाळी वारं सुटलं. दुसऱ्या दिवशी झाडताना मला बेचक्यात चीर दिसली. बोट जाईल एवढी. कडेला तांबूस डिंक ओघळलेला. माझं माहेर सोनपेठजवळ, गंगेच्या काठाला; गोदावरीला आम्ही गंगाच म्हणायचो. तिथं आमच्या गोठ्याजवळची बाभळ अशीच बेचक्यात फाटली होती. वडील म्हणाले होते की फाटलेलं बेचकं पुन्हा जुळत नाही, आणि पाऊस लागल्यावर ती गोठ्यावर पडली, त्यात आमचा एक बैल गेला. तेव्हा चीर बघून मला भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. हातात खराटा घेऊन मी तशीच उभी राहिले, आणि आपल्याला बरं वाटलं हे कळल्यावर मला माझीच शरम वाटली.

म्हणून मी गप्प बसले. आपण खरंच धोका बघतोय का आपल्याला बघायचं ते बघतोय, हे माझं मलाच कळेना. रोज सकाळी मी चीर बघायची. वाढली नसली तर मनात काहीतरी खट्टू व्हायचं. असं बघणाऱ्या बाईनं दुसऱ्याला काय सांगावं?

थोड्या दिवसांनी चिरेत माती दिसायला लागली. ओली, काळसर, दाबून बसवल्यासारखी. मला वाटलं वाळवी लागली. तेव्हा मात्र मी नवऱ्याला म्हटलं, "अवो, लिंब फाटलाय. वाळवी बी लागलीय. घरावर यील."

तो उठला, चिरेत बोट घातलं, बोटाला लागलेली माती चोळून बघितली. "बघू," म्हणाला. पुढच्या बाजाराला जाऊन त्यानं नवं चऱ्हाट आणलं आणि दोन्ही खोडं एकमेकांना आवळून बांधली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दळताना आत्याबाई मला म्हणाल्या, "पोरी, तू म्हणतीस ते खरं बी असंल. पण लोक काय म्हणतील? सवतीचा राग झाडावर काढला म्हणतील. सोड तो विषय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. माझ्या भल्याचंच त्या सांगत होत्या. मी जात्यात घास टाकत राहिले. लोक जे म्हणणार होते ते खोटं नव्हतं.

तो पावसाळा निभावला. पण दिवाळीनंतर आतल्या खोलीचं दार चौकटीला घासायला लागलं. लिंबाच्या मुळ्यांनी भिंतीचा पाया उचलला होता. बाहेरून भिंतीला पोट आलेलं दिसायचं. फाल्गुनात पानगळ झाली आणि चैत्रात अंगणाकडचं खोड पालवीनं भरलं. घराकडच्या खोडाला मात्र पालवी फार उशिरा आली, तीही विरळ, शेंड्याला तर आलीच नाही. आता हे मला एकटीलाच दिसतंय असं नव्हतं. सगळ्यांनाच दिसत होतं, पण कुणी बोलत नव्हतं.

उन्हाळ्यात पोरगी झाडाखाली बाज टाकून निजायची. मी तिला म्हटलं, "आत नीज माय. हितं नगं." ती ऐकेना. मी बाज उचलून आत नेली, तिनं परत बाहेर आणली. शेवटी मी तिचा दंड धरून तिला आत ओढत नेलं. तिनं हात सोडवून घेतला आणि शांतपणे म्हणाली, "तुला माझ्या आईचं झाड नगं हाय."

मी बाहेर जाऊन बाज उचलून आत आणली.

त्याच वैशाखात एका दुपारी वावटळ आली. चऱ्हाट खोडाच्या सालीत रुतलं होतं, ते तुटलं नाही, पण घराकडचं खोड कलंडून माळवदाच्या काठाला टेकलं. वरची पांढरी माती ढासळून चुलीवरच्या कालवणात पडली. नवरा घरीच होता. आम्ही दोघं बाहेर येऊन बघत उभे राहिलो.

"आता काढाच," मी म्हटलं. "पाऊस लागला की भिंत बी जाईल आन आपुन बी जाऊ."

"काढावाच लागंल," तो म्हणाला. मग म्हणाला, "पोरीला कसं सांगायचं?"

आणि मी म्हणाले, "तिला मामाकडं धाडा. आल्यावर सांगू."

हे मी इतकं पटकन बोलले की जणू आधीपासून तयारच ठेवलं होतं. कदाचित ठेवलंही असेल. तिचं रडणं मला बघायचं नव्हतं. त्याहून खरं म्हणजे, झाड पडत असताना तिनं माझ्या तोंडाकडं बघितलेलं मला नको होतं. तिचा मामा राणीसावरगावला होता. नवरा तिला परभणीपर्यंत गाडीनं आणि तिथून रेल्वेनं गंगाखेडला नेऊन मामाच्या हवाली करून आला. ती खुशीत गेली. जाताना झोका काढून नीट गुंडाळून कोनाड्यात ठेवून गेली, पाऊस लागला तर भिजू नये म्हणून.

गावातला सुतार आला. आत्याबाईंनी बुंध्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि आत जाऊन बसल्या. सुतारानं आधी माळवदावर टेकलेलं खोड उतरवलं, मग दुसरं. नवऱ्यानं खोडाला बांधलेला सोल, तो जाड दोर, धरला होता. शेवटचं खोड पडलं तेव्हा त्यानं सोल सोडून तोंडाला उपरणं लावलं आणि पाठ फिरवली.

घराकडचं खोड आतून पोकळ निघालं. बेचक्यापासून वर सगळा काळा भुसा. अंगणाकडचं मात्र लालबुंद, टणक, निरोगी. मी सुताराला विचारलं, "हे एक ठिवता आलं नसतं का?"

"बुडात जखम जुनी हाय," तो म्हणाला. "आन मुळ्या तर भिंतीखालीच हायत. ठिवता आलं नसतं."

"वाळवीनं खाल्लं न्हवं?"

त्यानं भुशात हात फिरवला. "वाळवी कुटं हाय? हे तर पाण्यानं कुजलंय."

मग ती माती कशाची, असा प्रश्न माझ्या मनात आला. पण काम खूप होतं. बुंधा खणायचा होता, भिंत पाडून नव्यानं घालायची होती, आणि मृग जवळ आला होता.

पोरीला पाऊस लागायच्या आत आणायचं ठरलं होतं. ते जमलं नाही. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. रझाकारांची धामधूम सुरू झालेली, कुठलं गाव लुटलं, कुठली रेल्वे थांबवली, रोज नवी खबर. लोक रात्रीचे पहारे देत. बायामाणसांना घेऊन कुणी वाटेला लागेना. मामाचा निरोप आला की पोरगी सुखरूप आहे, वाट मोकळी झाल्यावरच न्यायला या. आषाढ गेला, श्रावण गेला. नवी भिंत चांगली उभी राहिली, एक थेंब आत आला नाही. मी चुलीपुढं बसले की मोकळ्या अंगणातलं ऊन थेट माझ्या पायावर यायचं. मला हवं होतं ते झालं होतं, आणि मला तिथं बसवेना. नवरा शेतातून आला की आता सरळ घरात यायचा. पण बसायचा भिंतीकडं तोंड करून.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि दसऱ्याच्या आसपास तो पोरीला घेऊन आला. वाटेत त्यानं तिला काही सांगितलं नव्हतं. त्याला जमलं नसावं. ती गाडीतून उतरली आणि अंगणात थांबली. लिंब होता तिथं मी सारवून घेतलं होतं. तिनं तिकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही. पाणी प्याली आणि आजीजवळ जाऊन बसली. मी ज्या रडण्याला भ्याले होते ते आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिची वेणी घालायला बसले. पाठमोरी बसूनच तिनं विचारलं, "मावशी, मी झोका खेळले म्हणून फाटला का लिंब?"

"कोण म्हणलं तुला?"

"कुणी न्हाई. मलाच म्हायती. चीर मी आधी बघितली होती. तू बघायच्या आधी."

माझा हात थांबला.

"मी रोज चिखल भरायची त्याच्यात," ती म्हणाली. "बुजली म्हंजे कुणाला दिसणार न्हाई. पण तुला दिसली. मग तुमी मला मामाकडं धाडलं. मला वाटलं, आता परत न्हाईच आणणार."

गावातल्या बाया तिच्या देखत बोलायच्या, पोरीनं जन्मताच आईला खाल्लं म्हणून. मी ते ऐकलेलं होतं. आईनंतर आईचं झाडही आपल्यामुळंच गेलं, हे ती एवढे महिने परक्या घरात मनात घेऊन बसली होती. आणि तिच्या हातचा चिखल दाखवून मी वाळवी म्हणून सांगितलं होतं.

मी तिला उठवून गोठ्यामागं नेलं. लिंबाचं सगळं लाकूड चुलीला गेलं होतं, पण पोकळ खोडाचा एक मोठा तुकडा पावसात भिजत पडला होता. मी म्हटलं, "ह्याच्यात हात घाल. बघ आतून कसं झालंय. शेळीनं शेंडा खाल्ला ना, तवापासून पाणी मुरत गेलंय. तू तवा जन्मली बी न्हवतीस."

तिनं कोपरापर्यंत हात घातला. आतला भुसा मुठीत घेऊन बघितला, टाकून दिला, हात परकराला पुसला.

"मग मला का न्हाई दाखवलं?" ती म्हणाली. "तोडायच्या आधी?"

"तू रडली असतीस."

"रडले असते तर काय झालं असतं?"

मी म्हटलं, "तुला मामाकडं धाडा, असं मीच म्हणलं. तुझ्या बाचा त्याच्यात दोष न्हाई. तुझा तर न्हाईच न्हाई."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला पटलं का नाही, मला समजलं नाही.

संध्याकाळी जेवताना तिनंच बापाला सगळं सांगितलं. झोका, चिखल, मामाकडं गेल्यावर काय वाटलं, सगळं. त्यानं ताट बाजूला सारलं आणि एवढ्या मोठ्या पोरीला मांडीवर घेतलं. ती तेव्हा रडली, मोठ्यानं, आणि तोही. आत्याबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आमीच बोलायला पायजे होतं गं बाळा." झाड काढायला नको होतं, असं कुणीच म्हणालं नाही. मला तर कुणी काहीच बोललं नाही. मी चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. एक करपली, ती मी माझ्या ताटात ठेवली.