बेल न उचलणारा मास्तर

ती घटना आठवली की आजही मला राग येतो. नोकरीत खून, दरोडे, जाळपोळ सगळं पाहिलं. त्यातलं बरंचसं विसरलोही. पण चांदीच्या एका मुखवट्याची साधी चोरी काही केल्या डोक्यातून जात नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्या घरांतली माणसं अजून त्याच गावात नांदतात.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यात, उंद्रीच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. ठाणं म्हणजे काय, कौलारू इमारत, पुढं कडुनिंब, चार-दोन सायकली, एक जुनी जीप आणि टेलिफोन बहुतेक वेळा मुका. माझा जमादार मात्र लाखात एक. कपाळाला भस्म लावल्याशिवाय टोपी घालायचा नाही आणि कुणाच्या चहालाही मिंधा व्हायचा नाही. सोमवारी तो उपाशी असायचा, त्यामुळं सोमवारचे आरोपी त्याला जास्त घाबरायचे.

एका सकाळी हद्दीतल्या एका गावचे पाटील धापा टाकत ठाण्यात आले. महादेवाच्या देवळातला चांदीचा मुखवटा गेला होता. सोमवारी तो पिंडीवर चढवत, एरवी गाभाऱ्यातल्या पेटीत असे. पेटीला कुलूप होतं, पण किल्ली दाराच्या वरच्या कोनाड्यात. "कोनाड्यात किल्ली आहे हे कुणाकुणाला ठाऊक होतं?" असं मी विचारलं, तर पाटील म्हणाले, "साऱ्याच गावाले, साहेब." मी कपाळावर हात मारून घेतला. असल्या कुलपापेक्षा पेटी उघडी ठेवलेली काय वाईट?

कलम ३८० खाली गुन्हा नोंदवला, जागेचा पंचनामा केला. आदल्या दिवशी सांजेच्या पूजेला मुखवटा जागेवर होता. म्हणजे त्यानंतरच गेला. कुलूप न तोडता, किल्लीनं उघडून, परत लावून. चोर गावातलाच, यात मला शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी एक माणूस ठाण्यात आला. गावच्या भजनी मंडळातला पुढचा टाळकरी, बऱ्यापैकी शेती असलेला, गळ्यात माळ. इकडंतिकडं पाहत हळूच म्हणाला, "साहेब, माह्यं नाव येऊ देऊ नका. पण त्या सांजेले म्या मास्तरले पाह्यलं. देवळाच्या मांगून चालला व्हता, नाल्याकडं. हातात भरेल थैली व्हती."

मास्तर म्हणजे गावच्या शाळेचा शिक्षक. जिल्हा परिषद नवी होती, शाळा नुकत्याच तिच्याकडं आल्या होत्या आणि हा तरुण खामगावकडून बदलून आला होता. एकटा राहायचा. देव नाही म्हणायचा आणि ते पारावर बसून म्हणायचा. गावाचा त्याच्यावर आधीच दात होता. पोरं मात्र त्याच्यावर जीव टाकायची.

त्याच्या खोलीची झडती घेतली. पुस्तकं, स्टोव्ह, आणि एका खोक्यात कापूस, पट्ट्या, मलम, गोळ्यांची बाटली. जमादार चारही भिंती पाहून माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, देवाचा एक बी फोटो नाही." त्याच्या लेखी निम्मा तपास तिथंच झाला होता.

"हे कुणासाठी?" मी खोक्याकडं बोट दाखवून विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"थैली घेऊन नाल्याकडं गेला होतात का?"

"गेलो होतो. रोज जातो. कुणाकडं ते विचारू नका."

आता काय बोलावं? खोटं बोलणारे रोज भेटतात. त्यांची मला सवय होती. पण खरं बोलून अर्ध्यावर अडणारा माणूस भेटला की तपास अधिकाऱ्याचं डोकं तडकतं.

मग गावानं आपला मार्ग काढला. आपल्याकडं गावात चोरी झाली की देवापुढं बेल-भंडारा उचलायची रीत होती. पिंडीवरचा बेल आणि हळद हातात घेऊन "मी हे केलं नाही" म्हणायचं. खोटं बोलला तर वंश बुडतो, असा धाक. कायद्यात याला काडीची किंमत नाही, तरी मी कधी आडवा गेलो नाही. बेल उचलताना भल्याभल्यांचे हात कापतात आणि मी कोपऱ्यात उभा राहून फक्त हात पाहत असे. अशानं माझे काही गुन्हे उघडकीला आलेही होते.

अख्खं गाव देवळापुढं जमलं. एकेक जण येऊन बेल उचलू लागला. टाळकऱ्यानं तर डोळ्यांत पाणी आणून, सगळ्यांत मोठ्या आवाजात उचलला. हात जराही हलला नाही. गुरवाचा हात मात्र थरथरत होता आणि तो बिचारा निर्दोष होता, हे पुढं कळलं. मास्तरची पाळी आली तेव्हा तो हात मागं बांधून उभा राहिला.

"मी चोरी केलेली नाही," तो म्हणाला, "पण बेल उचलणार नाही."

"काऊन? भेव वाटते का?" पाटील कडाडले.

"भीती वाटत नाही, म्हणूनच. ज्याचा मला धाक नाही, त्याची शपथ घेऊन तुमच्या डोळ्यांत धूळ कशाला फेकू?"

"अन् मंग तुह्यावर भरोसा ठेवाचा तरी कशाच्या जोरावर बे?"

"माझ्या," मास्तर म्हणाला.

झालं! गर्दीतून पहिला दगड आला तो माझ्या टोपीला चाटून गेला. जमादारानं काठी आडवी धरली आणि आम्ही मास्तरला मधे घेऊन जीपपर्यंत नेलं. त्याला अटक केली, कोर्टापुढं उभं केलं, पोलीस कोठडी घेतली. संशय होताच, पण गावात सोडला असता तर माझ्यापुढं चोरीऐवजी खुनाचा तपास आला असता. शाळाखात्याला कळवावं लागलं. ते हात धुवून मोकळं झालं, मास्तर निलंबित. चोर ठरला असता तर नोकरी कायमची गेली असती आणि पुन्हा कुठल्या शाळेनं त्याला दारात उभं केलं नसतं.

गावातून रोज कुणी ना कुणी यायचं आणि सुचवायचं, "साहेब, दोन ठेवून द्या, पोपटासारखा बोलन." मी त्यांना हाकलून द्यायचो. मारून काढलेला कबुलीजबाब मुद्देमाल देत नाही. मला मुखवटा हवा होता, आणि चोर हवा होता, खराखुरा. तोवर कुणी कितीही बोंबललं तरी मी हटणार नव्हतो.

कोठडीत मास्तरला रोज तेच विचारायचो आणि तो रोज तेच सांगायचा. एकदा मात्र त्याचा धीर सुटला. गजाला धरून म्हणाला, "साहेब, मला एक निरोप धाडायचा आहे. पण कुणाला, ते सांगता येत नाही."

"अरे, मग काय वाऱ्यावर धाडू?" मी भडकलो. "नोकरी चालली, अब्रू चालली, तरी तोंड उघडत नाहीस. कुणाचं एवढं देणं लागतोस?"

"शब्द दिलाय," तो म्हणाला.

"कुणाच्या नावानं?"

"नावानं कशाला? नुसता दिलाय."

जमादार दारात उभा होता. त्या दिवसापासून मास्तरला पाण्याचा तांब्या तो स्वतः देऊ लागला.

आणि मग एका दुपारी शिपायाचा आरडाओरडा ऐकू आला, "चल बे, पुढं हो! ठाणं आहे, भीक मांगाची जागा नाही." बाहेर येऊन पाहतो तर कडुनिंबाखाली, अंग चोरून, डोक्यावरून घोंगडं घेतलेला एक म्हातारा. पायांना चिंध्या बांधलेल्या, त्या मातीनं आणि रक्तानं भरलेल्या. हाताची बोटं झडलेली. महारोग. मी पुढं झालो तसा तोच मागं सरकला.

"दूरच राहा, साहेब. तुम्हीच ठाणेदार का?"

"हो. बोला, बाबा."

"मास्तर चोर नाही. ज्या सांजेचं तुम्ही म्हंता, त्या सांजेले तो माह्यापाशी व्हता. माह्ये पाय धूत व्हता. रोज येते. पट्टी बांधते, गोळी देते."

हा टाळकऱ्याचा बाप होता. गावाला सांगितलं होतं, म्हातारा ओंकारेश्वरला जाऊन बसला, देवाचा झाला. गाव त्याचं नाव काढून हात जोडायचं. प्रत्यक्षात पोरानं त्याला नाल्यापलीकडच्या शेताच्या टोकाला खोपटात ठेवलं होतं आणि तिकडं कुणी फिरकू नये म्हणून भुताची आवई उठवली होती. घरात नात लग्नाची होती. रोग कळला असता तर सोयरीक मोडली असती. भूत न मानणारा मास्तर तेवढा एकदा तिकडं फिरायला गेला आणि त्याला हा सापडला.

"तुम्ही तिथं आहात हे त्यानं का नाही सांगितलं?"

"म्याच शबद घेतला व्हता, साहेब. माह्या नातीचं लगीन होईस्तोर कोनाले सांगजो नोको म्हनून. तो इतकं सोसन, असं काय मले ठाव? पोरगा बोलला, मास्तर चोर निंगाला, आता येनार नाही. मंग म्या निंगालो. होईन ते होईन."

चालत आला होता. त्या पायांनी. पण पोलिसाला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो.

"पोरगा येतो का तुमच्याकडं?"

"भाकर बांधावर ठेवते अन् जाते. जवळ येत नाही. त्याचं बी खरं आहे." मग म्हाताऱ्याचा चेहरा जरा उजळला. "पण आताशी लय बदलला, साहेब. रोज आंघोळ करून येते. कडब्याच्या गंजीपाशी दिवा लावते, बेल वाहते, नाक घासते. माह्यासाठीच देवाले मांगत असन. मले लय बरं वाटते."

मी जमादाराकडं पाहिलं. तो आधीच माझ्याकडं पाहत होता. कडब्याच्या गंजीला कुणी बेल वाहतं?

त्याच दुपारी दोन पंच घेऊन शेत गाठलं. टाळकऱ्याला समोर उभा केला आणि गंजी उपसली. तळाशी रेशमी सोवळ्यात गुंडाळलेला मुखवटा निघाला. हळद, कुंकू, त्या सकाळचा ताजा बेल. जमादारानं हात धुतले, मुखवट्याला डोकं टेकवलं आणि वळून टाळकऱ्याला म्हणाला, "सोवळ्यात ठेवून चोरलंस काय बे, हरामखोरा!" मग शांतपणे पंचनामा लिहायला बसला.

ठाण्यात टाळकरी फार वेळ टिकला नाही. पोरीचं लग्न थाटात करायचं होतं म्हणून मुखवटा उचलला. खामगावला नेऊन वितळवायचा होता. पण अख्खा विकता येईना आणि फोडायला हातोडी उचलली की हात वर जाईना. "देवाच्या तोंडावर हातोडी कशी मारू, साहेब?" असं म्हणून तो ढसाढसा रडला. ते रडणं ढोंग नव्हतं. ढोंग्यांचं रडणं मला ओळखू येतं.

"आणि बेल उचलताना?"

"मनातल्या मनात महादेवाची माफी मांगली व्हती. अभिषेक कबूल केला व्हता."

"मास्तरचं नाव घ्यायची हिंमत कशी झाली? त्यानं एका वाक्यात सांगितलं असतं, मी तुझ्या बापाकडं होतो, तर मी तुझ्याच शेतात आलो असतो ना?"

त्यानं मान वर केली. माझ्याच प्रश्नाचं त्याला नवल वाटलं असावं.

"तो सांगनार नव्हता, साहेब. त्यानं बाले शबद देला व्हता."

कोर्टाला अहवाल पाठवून मास्तरला सोडवला. बाहेर आल्या आल्या त्यानं कडुनिंबाखाली म्हाताऱ्याला पाहिलं आणि तोंड वाईट केलं. "काऊन आले, बाबा? पायांचं काय करून घेतलं हे!" तिथंच खाली बसून चिंध्या सोडायला लागला. शिपाई लांब सरकले. जमादारानं पाण्याची बादली आणून ठेवली.

म्हाताऱ्याला तोवर सगळं कळलं होतं. पाय पुढं करून तो म्हणाला, "म्हंजे तो दिवा माह्यासाठी नव्हता."

मास्तरनं पाय धुवायला घेतले.

"मास्तर, तू खोटं बोलत नाहीस. थोडा तरी माह्यासाठी असन ना?"

मी असतो तर हो म्हणून मोकळा झालो असतो. मास्तरनं पट्टीची गाठ मारली आणि म्हणाला, "मला माहीत नाही, बाबा. पण उद्या मी येतो."

नातीची सोयरीक मोडली. पुढं ती दुसरीकडं दिली, म्हाताऱ्याच्या देखत. मास्तरची नोकरी परत मिळाली. खटल्यात त्याची साक्ष झाली, तेव्हा देवाची शपथ न घेता त्यानं सत्यप्रतिज्ञा केली. बचावाच्या वकिलानं त्यावरून बरेच टोमणे मारले, पण साक्ष तसूभर हलली नाही. टाळकऱ्याला शिक्षा झाली. गाव म्हणालं, महादेवानंच चोर पकडून दिला. जमादारही तेच म्हणायचा, "त्या पायांनी म्हातारा चालत येते, हे काय मानसाचं काम आहे?" मी वाद घातला नाही. त्याच्यासारखा सरळ माणूस मी दुसरा पाहिलेला नाही आणि तो म्हणे की हा सरळपणा महादेवानं दिला, तर त्याच्या तोंडून मला ते खरं वाटायचं.

मी स्वतः आजही सकाळी पूजा करून मगच चहा घेतो. पण त्या तपासानंतर मी बेल उचलणाऱ्यांचे हात पाहणं सोडून दिलं. कोण कुठल्या देवाला भितो हे विचारायचंही सोडलं. कुणी बघत नसताना, काही मिळणार नसताना हा माणूस काय करतो, तेवढंच शोधत राहिलो. त्यानं सहसा फसलो नाही.

अजूनही कुणी मला विचारतं, देवाला न मानणाऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवायचा तरी कसा? तेव्हा मी ही हकिकत सांगतो. पाटलांनी ठेवला नाही, गावानं ठेवला नाही, मीही त्याला कोठडीत घातलं. त्या नास्तिकाच्या शब्दावर डोळे मिटून विसंबलेला अख्ख्या गावात एकच माणूस होता, आणि तो चोर होता.