कोठीतली स्टेपनी

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामंजींनी, नवी वस्तू नवी असताना कधी वापरली नाही. छत्री घेतली त्या दिवशी ती काखेत धरून भिजत घरी आले, कारण छत्री नवी होती. साबणाची वडी आणली की ती वर्षभर फडताळात वाळायची, आणि अंगाला लावायला मिळायची ती मागच्या सालची, दगड झालेली. मिरजगावात भर रस्त्यावर आमचं कापडाचं दुकान. दिवसभर लोकांना कोरी धोतरं विकणारा हा माणूस स्वतः मात्र विरलेल्या धोतरात गादीवर बसायचा. सासूबाईंनी हट्टानं एखादं नवं काढून ठेवलं, तर घडी न मोडता ते परत ट्रंकेत जायचं. "असू दे. पुढं लागंल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढं म्हणजे नेमकं कधी, हे विचारायची घरात कुणाची टाप नव्हती.

लोक त्यांना चिकट म्हणायचे. मी नाही म्हणणार. दुष्काळात कुणी फाटक्या लुगड्यानं दारात उभी राहिली तर मामंजी आतून नवं लुगडं आणून तिच्या हातावर ठेवत आणि तोंड फिरवून हिशेबाला बसत. दुसऱ्याला द्यायचं ते नवं, आपण वापरायचं ते जुनं. लहानपणी उपाशी काढलेले दिवस त्यांच्या अंगातून कधी गेलेच नाहीत, असं सासूबाई म्हणायच्या.

असल्या माणसानं मोटार घ्यावी म्हणजे कमालच की नाही! घेतली ती आमच्या ह्यांच्या हट्टापायी. नगर-सोलापूरहून माल आणायला सोयीची म्हणून. मोटार आली त्या दिवशी अख्खं गाव दारात जमलं. नारळ फोडायचा तर मामंजींनी तो मोटारीपाशी फोडू दिला नाही, शिंतोडे उडतील म्हणून लांब ओट्याच्या दगडावर फोडायला लावला. मोटारीतल्या बैठकीवरचा कंपनीचा कागद काढायचा नाही. त्यावर जुनी चादर, आणि चादरीवर आम्ही, तेही अंग चोरून. भोंगा झिजेल म्हणून वाजवायचा नाही. उस्मानभाई ड्रायव्हर बिचारा रस्त्यात शेळ्या आल्या की खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायचा. मोटारीला दुकानातल्या जाड्याभरड्या मांजरपाटाची खोळ शिवलेली होती. ती खोळ घालून मोटार छपरात उभी, आणि मामंजी आठवडी बाजाराला पायी.

पुढं दुसऱ्या महायुद्धामुळे टायर मिळेनासे झाले. परवाना असला तरी मिळत नव्हते, आणि उभ्या मोटारींचे टायर चोरीला जातात अशा बातम्या नगरहून यायला लागल्या. एका दुपारी मामंजींनी मोटारीमागचं जादा चाक, म्हणजे स्टेपनी, काढून घरात आणलं. पुसलं, पोत्यात गुंडाळलं आणि कोठीच्या खोलीत ज्वारीच्या कणग्यांमागं ठेवून कुलूप लावलं. किल्ली कमरेच्या करगोट्याला. उस्मानभाईनं एकदोनदा सांगून पाहिलं की शेठ, चाक गाडीबरोबर पाहिजे. मामंजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असू दे. पुढं लागंल."

त्याच वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई मी लहान असतानाच गेलेली. माहेरी करणारं कुणी नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, इथंच करू. तान्ह्या बाळाला कोरं कापड लावत नाहीत. टोचतं, आणि चांगलंही मानत नाहीत. तेव्हा मामंजींनी आपली जुनी धोतरं स्वतः आणून सासूबाईंपुढं ठेवली. धुऊन धुऊन ती सायीसारखी मऊ झाली होती. सासूबाईंनी त्यांची दुपटी फाडली, आम्ही दोघींनी कडेला धावदोरा घातला. मामंजी येता-जाता थांबून बघत. इतक्या वर्षांत आपलं जपणं कुणाच्या तरी कामी आलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं, आणि मला त्यांची फार माया वाटायची.

कळा सुरू झाल्या तेव्हा चैत्राचं ऊन होतं. हे मालासाठी रेल्वेनं सोलापूरला गेलेले. सुईणीनं पोटावरून हात फिरवला. मग सासूबाईंना बाजूला घेऊन म्हणाली, मूल आडवं आहे, माझ्या हातचं नाही, नगरला न्या. धावपळीत मोटारीची खोळ ओढून काढली, बाळाच्या दुपट्यांचं गाठोडं माझ्या पायाशी टाकलं, मला मागं निजवलं. सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं. मामंजी पुढं बसले आणि उस्मानभाईला म्हणाले, भोंगा वाजवत चल. त्या घाईत स्टेपनीची आठवण कुणालाच झाली नाही.

रुईछत्तीशीच्या अलीकडे मोटार एका अंगाला बसली. कुठल्या तरी बैलाच्या नालेचा खिळा चाकात घुसला होता. उस्मानभाईनं चाक सोडवलं, ठिगळ लावलं, हवा भरली. हवा राहीना. पुन्हा सोडवलं, पुन्हा बघितलं. "शेठ, ठिगळ धरत न्हाई," तो म्हणाला. "हवा भरायच्या नळीपाशीच ट्यूब फाटलीया."

मोटारीमागच्या मोकळ्या जागेकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मामंजींचा हात मात्र आपोआप कमरेला गेला. कोठीची किल्ली चिमटीत धरून ते तसेच रस्त्यात उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. चाक घरी, किल्ली इथं, आणि माझ्या पोटात माझं मूल. मागं जायला तेवढंच लांब, पुढं जायला तेवढंच. सर्व्हिसची, म्हणजे प्रवाशांची, मोटार संध्याकाळशिवाय नव्हती, आणि बैलगाडीनं नगर गाठेपर्यंत दिवस मावळला असता.

उस्मानभाई म्हणाला, टायरमध्ये काहीतरी गच्च कोंबलं तर गाडी हळूहळू चालेल. शेजारच्या रानातून कडब्याच्या पेंढ्या आणल्या. नुसता कडबा चुरून जातो, त्याला कापडाचा वेढा लागतो. बैठकीवरची चादर गेली. मामंजींनी डोक्याचा पटका सोडून दिला. माझी बदलायची लुगडी गेली. तरी एका बाजूला टायर पोकळच राहिला. मग सगळ्यांचे डोळे माझ्या पायाशी असलेल्या गाठोड्याकडे गेले.

सासूबाईंनी त्यावर हात ठेवला. "त्याला हात लावू नका. बाळाचं हाय ते," त्या म्हणाल्या.

मामंजी बोडक्या डोक्यानं दाराशी आले. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. सुनेशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती, पण ते माझ्याकडेच बघून म्हणाले, "सूनबाई, घेऊ का?"

मी म्हटलं, "घ्या."

बाळाची दुपटी चाकात गेली. मोटार निघाली ती बैलाच्या चालीनं, प्रत्येक खड्ड्याला थांबत. नगरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मी वाचले. मुलगा होता, तो नाही वाचला. आधी आणलं असतं तर, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हात धुवायला वळल्या. तिथं कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

घरी परत आले तेव्हा परसात दोरीवर ती दुपटी वाळत घातलेली दिसली. चिंध्याच झाल्या होत्या, काळ्या-करड्या डागांच्या. कुणी धुतली म्हणून विचारलं, तर सासूबाईंनी नुसतं दुकानाकडे बोट केलं. टायरमधून काढून मामंजींनी ती विहिरीवर स्वतः धुतली होती. दगडावर साबणाची अख्खी नवी वडी झिजून पडलेली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता धुऊन काय करायचं होतं त्यांना? मी ती दोरीवरून ओढली आणि चुलीत घातली. त्या दिवसापासून मी मामंजींशी बोलणं टाकलं. ताट वाढायचं, पाणी ठेवायचं, आणि तोंड बंद.

स्टेपनी मोटारीवर परत लागली. कोठीचं कुलूप निघालं ते कायमचं. बैठकीवरचा कागद मामंजींनी आपल्या हातानं फाडून काढला. आणि ते वाक्यही गेलं. घरात काही आलं, कुणी विचारलं की हे ठेवायचं का, तर मामंजी म्हणत, वापरा. एवढंच. कधीकधी मलाच वाटायचं, म्हणा ना एकदा. पण ते माझ्यानंही त्यांना सांगवलं नाही.

मला पुन्हा दिवस गेले. सासूबाईंनी ही गोष्ट मामंजींच्या कानावर घातली असावी, कारण दुसऱ्याच दिवशी ते नवं कोरं धोतर नेसून दुकानात बसले. गिऱ्हाइकं चकित. त्या संध्याकाळी ते धोतर धुणाऱ्या बाईकडे गेलं आणि दुसरं कोरं अंगावर आलं. मग रोजचाच हा परिपाठ झाला. कडक कांजीची नवी धोतरं नेसायची, उठबस करून मळवायची आणि आपटून धुवायला लावायची. मामंजींना म्हातारपणी नटायची हौस आली, असं लोक हसून म्हणायचे. मलाही आधी कळलं नाही, रागच आला. मग एकदा दोरीवरून वाळलेलं धोतर काढताना ते हाताला लागलं. कांजी गेली होती. मऊ पडायला लागलं होतं.

अंगावरची विरलेली जोडी सोडली तर घरातली जुनी धोतरं सगळी त्या चाकात गेली होती. दुकानात ठाणच्या ठाण कापड पडलेलं, पण बाळाला जुनंच लागतं, आणि जुनं विकत मिळत नाही. म्हणून मामंजी ते अंगावर जुनं करत होते. तिथंच दोरीखाली बसून मी पोटभर रडले.

त्या रात्री ताट वाढताना मी म्हटलं, "मामंजी, मऊ झालीत. आता पुरे."

त्यांनी मान वर केली नाही. घास मात्र हातातच राहिला.

नवव्या महिन्याच्या आधीच मला नगरला खोली घेऊन ठेवलं. मुलगी झाली. मामंजींच्या धोतराच्या दुपट्यात गुंडाळून तिला मोटारीतून घरी आणली. मोठी झाल्यावर चिखलाच्या पायांनी ती मोटारीच्या बैठकीवर नाचायची आणि मामंजी दारात बसून बघायचे. नवी धोतरं नेसून धुवायचा त्यांचा क्रम मात्र थांबला नव्हता. मी एकदा हसत विचारलं की आता कशाला, पोरगी तर चालायला लागली.

"दुसरंबी हुईल की, सूनबाई," मामंजी म्हणाले. मग जमिनीकडे बघत हळूच म्हणाले, "असू दे. पुढं लागंल."

दुसरा मुलगा झाला तेव्हा मामंजी नव्हते. त्याची दुपटी त्यांनी जाण्याआधीच फाडून, कडा शिवून घेऊन ठेवलेली होती.